पाणीपाळी

उजवा कालवा बुजवला तेव्हा वडील काही बोलले नाहीत.
फक्त गेटाची लोखंडी चावी, हातभर लांब,
सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी आणली
आणि पलंगाखाली सारली.
खात्याने मागितली नाही. गेटच राहिलं नव्हतं.

आता तिथे कॅनॉल रोड आहे,
पहाटे लोक त्यावरून चालतात, वजन कमी करायला.
आमची बिल्डिंगही भरावावरच.
तळमजल्याच्या भिंतीला दर श्रावणात ओल येते.
बिल्डर म्हणतो, ड्रेनेज.
वडील भिंतीला तळवा लावून म्हणायचे, पाझर.
इतकी वर्षं वाहिलेलं पाणी एका ठरावाने जात नाही.

दगू पांडू थेटे, पाटकरी.
त्यांच्या वहीत माणसं नव्हती, सात नंबरचे अर्ज होते:
गट, गुंठे, पीक, किती तास.
मामाची पाळी रात्री दोनपर्यंत, त्याने तीनपर्यंत ओढलं,
तर ह्यांनी द्राक्षाच्या ऐन फुगवणीत त्याचं पाणी तोडलं.
त्या वर्षी आईने राखी पोस्टाने पाठवली.
पाण्याला नातं नसतं, नंबर असतो,
एवढंच म्हणाले, आणि ताटावरून उठले.

टेलला मात्र पाणी पोचत नसे.
वर शहराची तहान, मग कारखाने, मग बागा,
मग अंधारात कालव्यात सोडलेले डोंगळे, गपगप पिणारे.
आणि शेवटी सोळा नंबरच्या चारीवर
कंदील घेऊन बसलेली चांगुणाबाई.
ती शिव्या देत नसे. विचारायची,
'दगूभाऊ, निघालंय का?'
'निघालंय.'
खोटं नव्हतं. निघालेलं असायचंच.

ते गेले सव्वीस मेला.
रामकुंडात कोरडं सिमेंट, आणि कोपऱ्यात
टँकरने ओतलेलं पाणी, हिरवट, घोट्याएवढं.
विनूगुरुजी हळूच म्हणाले,
'ताई, शुक्रवारी आवर्तन सुटतंय, खालच्यांसाठी.
वाहतं मिळेल. थांबता का?'

अस्थी घरात ठेवत नाहीत,
म्हणून पार्किंगमधल्या बदामाला टांगल्या.
बरोबर खाली कालवा.
मी पेपर वाचत राहिले:
वरच्यांचा मोर्चा, खालच्यांचा मोर्चा, कोर्टात तारीख,
सोडायचं किती, पोचेल किती,
नदीकाठची वीज बंद,
बंधाऱ्यांच्या फळ्या काढलेल्या, प्रत्येकावर दोन पोलीस.
ह्यांना उभ्या नोकरीत एक मिळाला नव्हता.

शुक्रवारी नाही सुटलं. शनिवारी नाही.
रविवारी पहाटे चारला गुरुजींचा फोन,
एकच शब्द:
'निघालंय.'

पाणी आधी कचरा ढकलत आलं,
निर्माल्य, चपला, थर्माकोल,
मग फेस, मग स्वतः.
घाटावर बायका हंडे घेऊन उभ्या, त्यांच्या आळीत
तीन दिवस नळ नव्हता.
पोलीस म्हणाला, हे पाणी तुमचं नाही.
'मग कुणाचं?'
'पुढचं.'
आणि त्याने तोंड फिरवलं,
तेवढ्यात चार हंडे भरून झाले.

मी मडकं उपडं केलं.
राख जरा वेळ काठाशीच घुटमळली,
सायकल स्टँडला लावून ते गेटाशी रेंगाळायचे तशी.
मग धारेला लागली.
चांदोरी, सायखेडा, नांदूर मधमेश्वर,
मी मनात मोजत गेले, अंधारातली गावं, गप्प बसलेल्या मोटारी.
आणि खूप खाली, पैठणच्या अलीकडे कुठेतरी,
कुणी काठावर बसून विचारत असेल.

चावी अजून पलंगाखाली आहे.
आज नळाला पाणी आलं, पंचवीस मिनिटं.
त्यांच्या वहीच्या कोऱ्या पानावर मी वेळ लिहिली,
आमच्या फ्लॅटचा नंबर लिहिला.
पीक ह्या रकान्याशी थांबले.
तोवर बादली भरून वाहू लागली होती.